एकशे चौदा टक्के

तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईत नाही, कारकुनानं पुढं सरकवलं म्हणून डोळे झाकूनही नाही. कागद चार ओळींचा होता. तो तुम्ही दोनदा वाचलात, 'वाढ झाली' हे दोन शब्द ठळक करून आणायला सांगितलेत, आणि मग सही केलीत. त्या रेशमाच्या लड्या मुकर्रमनं काढलेल्या नाहीत हे दालनातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, तेवढंच तुम्हालाही ठाऊक होतं. असणारच. ते सगळं सुरूच तुमच्या तोंडून झालं होतं.

तुमचं नाव इथं घालायची गरज नाही. तुतझोरच्या रेशीम कारखान्यात संचालक एकच असतो आणि त्याच्या दारावर पितळी पाटी आहे. नाव मुकर्रमचं सांगायला हवं. तुमच्या कागदात ते दोनदा आलंय, आणि दोन्ही ठिकाणी ती बाई त्यात नाही.

तर मुकर्रम. वय सत्तेचाळीस. पहिल्या रांगेतली चौथी कुंडी. बावीस वर्षं ती त्या एका कुंडीपाशी उभी राहिली. समोर वाफाळतं पाणी, पाण्यात उकडलेले कोष, वर फिरणारं चाक. कोषाचं टोक शोधायचं, आठ कोषांची आठ टोकं एकत्र करून त्यांचा एक धागा चाकावर चढवायचा, आणि एखादा कोष संपत आला की धागा बारीक व्हायच्या आत दुसऱ्याचं टोक त्यात सोडायचं. कोषाचा तंतू डोळ्यांना धड दिसतही नाही. तो दिसायची वाट बघत थांबली ती बाई संपली. तो बोटांना कळतो. नव्या आलेल्या मुलींना मुकर्रम सांगायची, "डोळे नवऱ्यावर ठेवायला राहू देत गं. इथं बोटांनी बघायचं."

दिवसाला बारा लड्या हा प्रत्येकीचा नेम. मुकर्रमच्या बारा कधी चुकल्या नाहीत. प्रत्येक लडीला काढणारीचा पत्र्याचा बिल्ला बांधायचा, त्यावर तिचा क्रमांक. संध्याकाळी मुकादमीण बिल्ले बघून आकडे लिहिते. कुणी किती काम केलं हे कारखान्याला फक्त त्या बिल्ल्यावरून कळतं. चेहऱ्यावरून कळत नाही.

मागच्या शरदात तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. फरगण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मग डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं: केमोच्या आठ सुया, दर तीन आठवड्यांनी एक. पहिल्या चार एका औषधाच्या, नंतरच्या चार दुसऱ्याच्या.

"एकही चुकवायची नाही," बाई म्हणाल्या. "अर्धी विहीर खणून सोडली तर पाणी लागत नाही, उलट माणूस पडायची सोय होते."

मुकर्रमनं पेठेतल्या दवाखान्यातून रजेचा कागद शिक्क्यासकट भरून आणला. तो कागद तुमच्या टेबलावर पोचायच्या आधीच तुम्ही तिच्या घरी पोचलात. सोबत अर्धी पेटी डाळिंबं.

तिचा नवरा सोबिर नानवाला आहे, मोहल्ल्याच्या तोंडाशी त्याचा तंदूर. तुम्ही आलात म्हणून त्यानं ताजी नान आणून समोर अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवली. तुम्ही मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "मुकर्रम बहिणी, हा कागद तू दिलास तर मी नाही म्हणणार नाही. तुझा हक्कच आहे. पण सहा महिने कुंडी रिकामी ठेवता येत नाही. दुसरी बाई बसवावी लागेल. तू बरी होऊन आलीस की तिला उठवू का? तिचीही लेकरं असतील."

"मला कुंडी सोडायची नाही, अका," मुकर्रम म्हणाली. मोठा भाऊ म्हणून सगळा कारखाना तुम्हाला अकाच म्हणतो. "पेन्शनला तीन वर्षं राहिलीत."

"मग! तेच तर म्हणतोय. आजारपणाच्या रजा वाढल्या की वरचे लोक मला उभं करतात, पण ते सोड, ते माझं दुखणं. आपण काय परके आहोत? एका घरातली माणसं. जमेल तेवढं काम कर. नाही जमलं तर बस, आडवी हो. सुईच्या दिवशी येऊच नकोस, हजेरी मी बघतो. बाकीचं पोरी ओढतील. शेजाऱ्याची भिंत पडली तर सारा मोहल्ला हशर करून बांधून देतो, एक छदाम न घेता. मग एक कुंडी काय जड आहे?"

सोबिर फार बोलत नाही. तेव्हा मात्र बोलला. "अका, कागदावर असलेलं बरं असतं."

तुम्ही नान उचललीत, मोडलीत, अर्धी त्याच्या हातात दिलीत. "सोबिरजान, ही नान साक्षी. तुझ्या-माझ्यात कागद कशाला?"

इथं नान हातात घेऊन दिलेला शब्द कुणी मोडत नाही. चोरसुद्धा नाही. जो माणूस पहाटे चारला उठून गावासाठी नान भाजतो, त्यानं दुसऱ्याच्या हातातल्या नानवर अविश्वास दाखवायचा तरी कसा? मुकर्रमनं कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली आणि समोवारखालच्या निखाऱ्यांत सारली. जळायला वेळ लागला नाही.

जानेवारीत पहिली सुई झाली. चौथ्या दिवशी मुकर्रम कामावर आली ती भिंतीला धरून. पाण्याच्या वाफेबरोबर उकडलेल्या किड्यांचा वास नाकात गेला की पोटातलं सगळं वर यायचं. बावीस वर्षं जो वास तिला आलाच नव्हता, तो आता उंबऱ्यापासून यायला लागला. त्या दिवशी तिच्या पाच लड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तीन.

इनोयत ओपा, सगळ्यांची मोठी ताई आणि पहिल्या रांगेची मुकादमीण, तिनं दुपारच्या चहाला रांगेतल्या सहाही जणींना गोळा केलं. लांबलचक भाषण करायची तिला सवय नाही. "अका बोललेत. हशर आहे. सांगायला नको ना?"

"सांगायला लागलं तर हशर कसला," तुतीखान म्हणाली. तुतीखान शेजारच्या पाचव्या कुंडीवरची, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. तिनं आपल्या लडीला मुकर्रमचा बिल्ला बांधला आणि ओरडली, "ए मुकर्रम, तुझी एक लडी माझ्याकडं राहिली होती, घेऊन जा! काल उसनी घेतली होती मी."

दुसऱ्या सुईनंतर केस गेले. मुकर्रम रुमाल घट्ट बांधून आली. सगळ्या जणी भलतीकडंच बघायला लागल्या. तुतीखाननं सरळ जाऊन रुमालाचं टोक उचललं, आत डोकावली. "अगंबाई! हे तर कोषासारखं झालंय, पांढरं, गुळगुळीत. टोक कुठंय सांग, संध्याकाळपर्यंत बारा लड्या काढते."

मुकर्रम इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली होती ती.

आता इथं जी चूक झाली ती आमच्याच माणसांकडून होऊ शकते. हशरमध्ये कुणी मोजत नाही. मोजणं म्हणजे दिलेलं परत मागणं. पण शेजारणीपेक्षा कमी देणं, ही मात्र आयुष्यभराची लाज. भिंत बांधायला एक जण दोन पाट्या माती घेऊन आला की दुसरा तीन आणतो. तुतीखाननं एक बिल्ला बांधला ते त्याच रांगेतल्या झुलहुमोरनं पाहिलं. तिनं दोन बांधले. झुलहुमोरचे दोन पाहून कोपऱ्यातल्या कुंडीवरच्या, नुकतंच लग्न झालेल्या नव्या सुनेनंही दोन बांधले. ती बिचारी स्वतःच्या बाराच जेमतेम पुऱ्या करायची. आपल्या कमी पडल्या तर बोलणी खायची, पण आजारी बाईच्या वाट्याला कमी पडू द्यायच्या नाहीत. मुकर्रमच्या स्वतःच्या चार-पाच होत्याच. बेरीज कुणी केली नाही. बेरीज महिन्याच्या शेवटी तुमच्या लेखनिकानं केली.

मार्चअखेरीला नवरोजच्या सणानिमित्त तुम्ही आवारात मोठ्या कढईत पुलाव शिजवायला लावलात आणि फलकावरचं कापड ओढलंत. पहिल्या तिमाहीतली सर्वोत्तम कामगार: मुकर्रम. एकशे चौदा टक्के. फोटो तिच्या हजेरीकार्डावरचा, जुना, केसांसकट.

बायका टाळ्या वाजवताना एकमेकींकडं बघत होत्या. तुतीखान हळूच म्हणाली, "वीस वर्षं राबले, मला कुणी फलकावर घेतलं नाही. मेलं, आजारीच पडायला हवं होतं."

"गप गं," झुलहुमोर म्हणाली. पण तीही हसली.

मुकर्रमला हसू आलं नाही. ती इनोयत ओपाला बाजूला घेऊन म्हणाली, "ओपा, हे बरं नाही. आकडा फार वर गेला. माझे बिल्ले कमी बांधायला सांगा."

"पोरींना सांगू की पुण्य कमी करा?" इनोयत म्हणाली. "खा पुलाव. गार होतोय."

तुम्ही त्या दिवशी माईकवरून सांगितलंत की आपल्या कारखान्यात आजारपण कामाच्या आड येत नाही. वरून आलेल्या पाहुण्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मुकर्रम पहिल्या ओळीत बसली होती, आणि तुमच्या शेजारी बसलेल्या पाहुण्याला तुम्ही जे सांगितलंत तेही तिला ऐकू आलं: "रजा शून्य. पूर्ण रांगेत शून्य." तेव्हा तिला वाटलं, चला, अकांचं काही भलं होत असेल तर होऊ दे. अशी बाई ती.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी तुम्ही दालनात आलात. यंत्रं बंद करायला लावलीत. ती कधी बंद होत नाहीत, म्हणून बायकांचे हात कुंडीवरच थांबले.

"आजपासून नेम चौदा लड्या," तुम्ही म्हणालात.

कुणीतरी मागून म्हटलं, "अका, बाराच निभत नाहीत."

"निभत नाहीत?" तुमचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नाही. तुम्ही नुसतं बोट केलंत. "ती बघा. कॅन्सरची बाई एकशे चौदा टक्के काढते. तुम्हाला काय धाड भरलीय? तुमचे तर दोन्ही हात शाबूत आहेत."

सहा जणींनी तुमच्या बोटाच्या रोखानं पाहिलं. त्यात राग होता की नाही सांगता येणार नाही. राग असता तर बरं झालं असतं. त्या तिच्याकडं अशा बघत होत्या की जणू पहिल्यांदा बघतायत. कुणी बोललं नाही की "त्या लड्या आमच्या आहेत." बोलायचं कसं? हशर बोलून दाखवायचा नसतो. आणि आपल्या लडीला दुसरीचा बिल्ला बांधणं ही कारखान्याच्या नियमात चोरी आहे, ते तर भिंतीवरच लिहिलंय. तुमचा शब्द कुठल्याच भिंतीवर लिहिलेला नव्हता.

हशर थांबला. कुणी थांबवला नाही. चौदा लड्या स्वतःच्याच पुऱ्या होईनात, तिथं दुसरीच्या कुठून येणार? दुपारच्या चहाला मुकर्रम आपली नान घेऊन आली, तर बायकांनी जागा करून दिली, पण बोलणं बंद पडलं. नवी सून उठून गेली. तुतीखान चहात फुंकर घालत म्हणाली, "आली बघा, सर्वोत्तम कामगार." चेष्टा रोजचीच होती. पण या वेळी ती डोळ्यांपर्यंत पोचली नाही.

त्याच आठवड्यात पाचवी सुई झाली, नव्या औषधाची पहिली. उलट्या थांबल्या. मुकर्रमला वाटलं, सुटले. रविवारी सकाळी ती सोबिरला मदत करायला तंदूरपाशी गेली. त्यानं आतून काढलेली नान तिच्या हातात दिली आणि दुसरी काढायला वळला. परत बघतो तर ती नान धरून उभीच, आल्या-गेल्याशी बोलतेय.

"अगं, टाक ती!"

"का?"

त्यानं नान हिसकावली. स्वतःचा हात झटकला, इतकी ती गरम होती. तिच्या बोटांच्या टोकांना फोड आले होते आणि तिला पत्ताच नव्हता. सोबिरनं तिची दहाही बोटं एकेक करून दाबली. "इथं कळतंय?" "नाही." "इथं?" "तुझं बोट आहे एवढं दिसतंय." त्या दिवसापासून तिच्या अंगातल्या जॅकेटची बटणं तो लावून देऊ लागला, कारण बटण आणि काज यांतला फरक तिच्या बोटांना कळेना.

आणि सोमवारी ही बाई कुंडीवर उभी राहिली. बावीस वर्षं जे बोटांनी बघितलं, ते आता डोळ्यांनी शोधायचं. वाफेत. चष्म्यावर धुकं. एक टोक सापडेपर्यंत शेजारणीची चार व्हायची. धागा तुटायचा, तुटलेला कळायचा नाही. चाक रिकामंच फिरत राहायचं आणि ती उभी असायची कोष हातात धरून. दुपारपर्यंत एक लडी झाली. तीही गाठीगाठींची.

बुधवारी तुतीखान किंचाळली. "हात! मुकर्रम, हात काढ!"

मुकर्रमनं वळून पाहिलं. तिचा डावा हात मनगटापर्यंत उकळत्या भागात होता, जिथं कोष शिजायला टाकतात तिथं. ती त्या हातानं टोक शोधत होती. तुतीखाननं तिला मागं खेचलं, थंड पाण्याची बादली तिच्या हातावर ओतली, आणि मग तिलाच शिव्या द्यायला लागली. "घरी मर की गं! इथं कशाला मरतेस? तुझ्यापायी चौदा झाल्या, आता तुझं मयतही आम्हीच उचलायचं का?" असं म्हणाली आणि कपाळ तिच्या खांद्यावर टेकून रडली. फलक लागल्यापासून दालनात तिला स्पर्श केला तो तुतीखाननंच, आणि तोही असा.

फरगण्याच्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितला. "औषधानं बोटांच्या नसा मरगळल्यात. पुढच्या सुयांनी अजून वाढेल. बऱ्याच जणींचं नंतर भरून येतं, वर्ष लागेल, दोन लागतील. पण गरम पाणी बंद, आजपासून. तपासणी मंडळाकडून आजारपणाचा दाखला घ्या. मग हलकं काम मिळेल, सुईच्या दिवसाची रजा मिळेल. आता आधी सहावी सुई."

सहावी सुई घेतली. मुकर्रम परत आली तर हजेरीत त्या दिवसासमोर लाल रेघ. खाडा. बिनपरवानगी. "हजेरी मी बघतो" म्हणाला होतात तुम्ही, बघितलीत. नियम असा, की वर्षात एका खाड्याला लेखी ताकीद, दुसऱ्याला घरी. आणि असं घरी गेलेल्या बाईची पेन्शन लांबते, हे कारखान्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

म्हणून सगळा जीव त्या दाखल्यात. मे महिन्याच्या सुरुवातीला मंडळ बसलं. टेबलामागं तिघं. मधल्या अध्यक्षानं फाईल उघडली, दवाखान्याचे कागद बाजूला केले आणि कारखान्याकडून आलेला कागद वर काढला. तुमचा.

"इथं लिहिलंय," तो वाचू लागला, "सदर कामगार महिलेच्या उपचाराच्या काळात कामात कोणतीही घट आढळली नाही. उलट एकशे चौदा टक्के इतकी वाढ झाली. मग बाई, तुम्हाला दाखला कशासाठी? तुम्ही आजारी असताना जास्त काम करता."

त्याच्या शेजारचा एक जण हसला. मुकर्रमनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, एकावर पट्टी.

"बोटांना कळत नाही, साहेब. टाचणी टोचून बघा."

"टोचलं तर तुम्ही म्हणाल कळलं नाही. मी कुठल्या यंत्रावर बघू? मी कागद बघतो. कागद म्हणतो, या बोटांनी तीन महिन्यांत कारखान्यातल्या सगळ्या बायकांपेक्षा जास्त धागा काढला."

"त्या लड्या माझ्या नाहीत."

अध्यक्षानं चष्मा काढला. पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "मग कुणाच्या? तुमचे बिल्ले दुसऱ्यांनी लावले? कुणी कुणी? नावं द्या, इथंच लिहून घेतो. पण ते मग आजारपणाचं प्रकरण राहणार नाही. ते पोलिसांकडं जाईल."

तिच्या डोळ्यांपुढं सहा तोंडं आली. तुतीखान. झुलहुमोर. ती नवी सून, जिनं स्वतःच्या बारा पुऱ्या न करता हिला दोन दिल्या. तुम्ही हे सगळं आधीच जोखलं होतं. खरं बोलली तर सहा जणी बुडतात, गप्प बसली तर एकटी बुडते. आणि ती गप्प बसणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, कारण नान मोडताना तुम्ही तिचं घर बघून घेतलं होतं.

"नावं नाहीत," ती म्हणाली.

"मग दाखलाही नाही."

कागद परत फाईलीत जाताना तिला खाली दुसरी सही दिसली. तुमच्या सहीच्या उजवीकडं, साक्षीदार म्हणून. इनोयत.

ती तिथून थेट इनोयत ओपाच्या घरी गेली. मे महिना, घराघरांत रेशमाचे किडे वाढवायला घेतलेले. इनोयत खोलीत तुतीच्या फांद्या पसरत होती. हजारो किड्यांच्या खाण्याचा तो करकर आवाज, त्यात माणसाचं बोलणं ऐकू यायला जवळ जावं लागतं. मुकर्रम जवळ गेली.

"ओपा, तुम्ही सही केलीत."

इनोयतनं फांद्या टाकायचं थांबवलं नाही. "केली."

"तुम्हीच तर गोळा केलं होतंत सगळ्यांना. तुमच्या डोळ्यांसमोर बिल्ले बांधले."

"म्हणूनच केली. अकांनी कागद पुढं ठेवला. म्हणाले, हे खरं आहे असं तरी लिही, नाहीतर मी लिहितो की सहा जणींनी बिल्ल्यांची चोरी केली आणि मुकादमीण त्यात सामील. कुठलं लिहू, तूच सांग, म्हणाले." तिनं आता वर पाहिलं. "तू काय केलं असतंस?"

"मी तुम्हाला येऊन सांगितलं असतं. सही करायच्या आधी."

"आणि अजून एक म्हणाले ते. म्हणाले, हशर करून मग तो बोलून दाखवणार? आईबापांनी हेच शिकवलं? मोजलेल्या हशराचं पुण्य राहत नाही." इनोयतनं हातातली फांदी खाली ठेवली. "खोटं आहे का ते?"

"खरं आहे," मुकर्रम म्हणाली. "तुमचं पुण्य शाबूत राहिलं, ओपा. तेवढंच राहिलं."

इनोयत तिच्या मागून दारापर्यंत आली. "मुकर्रम, माझ्या सुनेला दिवस गेलेत, मुलगा रशियात..." पुढचं किड्यांच्या आवाजात गेलं. मुकर्रम थांबली नाही. आईबापानं, नवऱ्यानं, दिरानं फसवलं असतं तर गाऱ्हाणं कुणाकडं तरी नेता येतं. ज्यांनी सुईच्या दिवसांत घासातला घास दिला, त्यांनीच हात आखडला तर गाऱ्हाणं न्यायचं कुठं? ती तशीच चालत घरी आली. सोबिरनं तिचं तोंड पाहिलं आणि तिच्या जॅकेटची बटणं सोडली.

आणि आज बुधवार. सकाळचे नऊ. ती तुमच्या खोलीत उभी आहे. बस म्हणालात, बसली नाही. चहा मागवलात, तिनं पेला उचलला नाही. उचलला असता तर किती गरम आहे हेही तिला कळलं नसतं.

"मुकर्रम बहिणी," तुम्ही म्हणालात, "मंडळानं नाकारलं, मी काय करणार? माझ्या हातात असतं तर..."

"लड्यांचं मी विचारायला आले नाही, अका."

"मग?"

"उद्या सातवी सुई आहे. गेले तर दुसरा खाडा, बावीस वर्षं पाण्यात. नाही गेले तर सहा सुया पाण्यात. दवाखान्याला विचारलं, तारीख पुढं ढकलता येईल का. बाई म्हणाल्या, रोग तारीख ढकलणार असेल तर मी ढकलते. तेव्हा तुम्ही सांगा. जाऊ की नको?"

"हे मी कसं सांगू? मी काही डॉक्टर नाही."

"मी आजारी नाही हे लिहून देताना होतात."

तुम्ही फोन उचललात, कुणालाही न लावता परत ठेवलात. म्हणालात, बघू. म्हणालात, दुपारी ये. म्हणालात, यात माझा वैयक्तिक काही संबंध नाही, नियम आहेत. दारात लेखनिक येऊन उभा राहिला, त्याला तुम्ही हातानं परत पाठवलंत. खिडकीबाहेर पहिल्या पाळीच्या बायका दालनात शिरतायत आणि त्यांतली तुतीखान मान वर करून तुमच्या खिडकीकडं बघतेय.

फरगण्याची गाडी उद्या पहाटे साडेपाचला सुटते. मुकर्रम हलत नाही. तिनं एकदाच विचारलंय आणि ती पुन्हा विचारतेय, तुमच्या डोळ्यांत बघून, रुमाल काढून, जसं डोकं आहे तसं:

"जाऊ की नको, अका? हो म्हणा, नाही म्हणा. पण आत्ता म्हणा."